फ्युचरामा (सहावे पर्व)

फ्युचरामा या अमेरिकन ॲनिमेटेड विज्ञानकथात्मक विनोदी मालिकेचे सहावे पर्व २४ जून २०१० ते ८ सप्टेंबर २०११ या कालावधीत कॉमेडी सेंट्रल या अमेरिकन केबल वाहिनीवर प्रसारित झाले. या पर्वात एकूण २६ भाग असून ते दोन वर्षांच्या उन्हाळ्यांत विभागून दाखवण्यात आले. फॉक्स वाहिनीने २००३ साली मालिका थांबवल्यानंतर नियमित अर्ध्या तासाच्या स्वरूपात तयार झालेले हे तिचे पहिलेच पर्व होय. मालिकेचे निर्माते मॅट ग्रेनिंग असून तिचा विकास ग्रेनिंग आणि डेव्हिड एक्स. कोहेन यांनी केला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स टेलिव्हिजन आणि ग्रेनिंग यांची द क्युरिऑसिटी कंपनी या संस्थांनी पर्वाची निर्मिती केली, तर ॲनिमेशन रफ ड्राफ्ट स्टुडिओजने केले.

पर्वाची घोषणा झाल्यानंतर काही आठवड्यांतच मुख्य पात्रांना आवाज देणाऱ्या कलाकारांच्या मानधनावरून वाद निर्माण झाला आणि त्यांच्या जागी नवे कलाकार घेण्याची तयारी सुरू झाली. ३१ जुलै २००९ रोजी समझोता होऊन मूळ कलाकार परतले. या पर्वातील 'द लेट फिलिप जे. फ्राय' या भागाला प्राइमटाइम एमी पुरस्कार मिळाला. 'द प्रिझनर ऑफ बेंडा' या भागासाठी लेखक केन कीलर यांनी सिद्ध केलेले गणिती प्रमेय पुढे गणितज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाले.

पार्श्वभूमी

फ्युचरामाचा पहिला भाग २८ मार्च १९९९ रोजी फॉक्स वाहिनीवर प्रसारित झाला. न्यू यॉर्कमध्ये घरोघरी पिझ्झा पोहोचवणारा फिलिप जे. फ्राय हा तरुण ३१ डिसेंबर १९९९ च्या मध्यरात्री अपघाताने गोठवला जातो आणि एक हजार वर्षांनी जागा होतो, अशी मालिकेची मूळ कल्पना आहे. एकतिसाव्या शतकातील 'न्यू न्यू यॉर्क' शहरात तो आपल्या दूरच्या वंशजाच्या, प्रोफेसर फार्न्सवर्थच्या, 'प्लॅनेट एक्सप्रेस' या माल पोहोचवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागतो. एकाक्ष कप्तान लीला, मद्यपी यंत्रमानव बेंडर, खेकड्यासारखा दिसणारा डॉक्टर झॉइडबर्ग, व्यवस्थापक हर्मिस आणि विद्यार्थिनी एमी ही अन्य प्रमुख पात्रे होत. मालिकेचे नाव १९३९ च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनातील जनरल मोटर्स कंपनीच्या 'फ्युचरामा' या दालनावरून घेण्यात आले आहे.

फॉक्सवर मालिकेच्या प्रसारणाची वेळ स्थिर राहिली नाही. रविवारच्या सायंकाळी क्रीडा सामने लांबल्यास त्या दिवशीचा भाग रद्द होत असे. त्यामुळे निर्मितीच्या दृष्टीने चार पर्वांत तयार झालेले ७२ भाग प्रत्यक्षात पाच वर्षे दाखवले जात राहिले. मालिका बंद केल्याची औपचारिक घोषणा न करताच वाहिनीने नवे भाग मागवणे थांबवले. १० ऑगस्ट २००३ रोजी शेवटचा भाग प्रसारित झाला.

त्यानंतर मालिकेला प्रेक्षक मिळाले ते पुनःप्रसारणातून आणि डीव्हीडीच्या विक्रीतून. कार्टून नेटवर्कच्या 'ॲडल्ट स्विम' या रात्रीच्या विभागात २००३ ते २००७ या काळात जुने भाग दाखवले जात होते. या प्रतिसादामुळे थेट डीव्हीडीवर प्रकाशित करण्यासाठी चार पूर्ण लांबीचे चित्रपट तयार करण्यात आले:

• 'बेंडर्स बिग स्कोर' (२००७)
• 'द बीस्ट विथ अ बिलियन बॅक्स' (२००८)
• 'बेंडर्स गेम' (२००८)
• 'इन्टू द वाइल्ड ग्रीन याँडर' (२००९)

कॉमेडी सेंट्रलने प्रत्येक चित्रपटाचे चार तुकडे करून असे १६ भाग मार्च २००८ पासून प्रसारित केले. मालिका पुढे सुरू राहील की नाही हे चौथ्या चित्रपटाच्या वेळी निश्चित नसल्याने त्याचा शेवट समारोपासारखा, तरीही पुढील कथेला वाट ठेवणारा करण्यात आला. सर्व प्रमुख पात्रे आपल्या यानातून एका कृमिविवरात शिरतात आणि चित्रपट संपतो.

पर्वांची क्रमवारी

फ्युचरामाच्या पर्वांचे क्रमांक दोन पद्धतींनी मोजले जातात. निर्मितीच्या क्रमानुसार फॉक्ससाठी तयार झालेली चार पर्वे, चित्रपटांपासून बनलेले पाचवे आणि त्यानंतरचे हे सहावे पर्व होय. फॉक्सवरील प्रसारणाची पाच वर्षे स्वतंत्रपणे मोजल्यास पुढील प्रत्येक पर्वाचा क्रमांक बदलतो. प्रस्तुत लेखात निर्मितीचा क्रम पाळला आहे.

भागांच्या बाबतीतही निर्मितीचा आणि प्रसारणाचा क्रम सर्वत्र सारखा नाही. २०१० मधील भाग बहुतांशी निर्मितीच्या क्रमाने दाखवले गेले. २०११ मध्ये मात्र 'निओटोपिया' आणि 'बेंडरामा' हे नंतर तयार झालेले भाग आधी दाखवून उन्हाळ्याची सुरुवात करण्यात आली.

नव्या भागांची मागणी

९ जून २००९ रोजी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स टेलिव्हिजनने जाहीर केले की कॉमेडी सेंट्रलने फ्युचरामाचे २६ नवे भाग मागवले असून त्यांचे प्रसारण २०१० च्या मध्यापासून होईल. बंद पडलेली ॲनिमेटेड मालिका डीव्हीडीच्या विक्रीच्या बळावर परत येण्याचे उदाहरण याआधी 'फॅमिली गाय' या मालिकेने २००५ मध्ये घालून दिले होते. परंतु ती मालिका मूळ वाहिनीवरच परतली होती. फ्युचरामाची मालकी जुन्याच संस्थेकडे राहून प्रसारण मात्र वेगळ्या वाहिनीकडे, तेही तुलनेने मर्यादित साधने असलेल्या केबल वाहिनीकडे, जाणार होते.

कलाकारांच्या मानधनाचा वाद

जुलै २००९ च्या मध्यास निर्मिती संस्थेने मुख्य पात्रांसाठी नव्या कलाकारांचा शोध सुरू केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. आपल्याला मूळ कलाकारच हवे होते, परंतु त्यांच्या मानधनाच्या मागण्या पूर्ण करणे शक्य झाले नाही, अशी भूमिका संस्थेने मांडली. चाहत्यांनी या निर्णयाला तीव्र विरोध केला.

या मालिकेत कलाकार बदलण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता, कारण मोजक्याच कलाकारांवर अनेक पात्रे अवलंबून होती. फ्राय, प्रोफेसर फार्न्सवर्थ, डॉक्टर झॉइडबर्ग आणि कप्तान झॅप ब्रॅनिगन या चारही पात्रांना बिली वेस्ट एकटेच आवाज देतात. रिचर्ड निक्सनच्या काचपात्रातील डोक्याचा आवाजही त्यांचाच आहे. मॉरिस लमार्श यांच्याकडे किफ, लर, मॉर्बो आणि कॅल्क्युलॉन ही पात्रे आहेत, तर ट्रेस मॅकनील उद्योगसम्राज्ञी 'मॉम'सह अनेक स्त्रीपात्रांना आवाज देतात. एक कलाकार गेल्यास पडद्यावरील तीन-चार पात्रे एकाच वेळी परकी वाटण्याची शक्यता होती. शिवाय यांपैकी बहुतेक पात्रांच्या बोलण्याच्या लकबी लेखकांनी कागदावर लिहिलेल्या नव्हत्या. त्या कलाकारांनी दहा वर्षांत घडवलेल्या होत्या.

ॲनिमेटेड मालिकांच्या क्षेत्रात असा पेच नवा नव्हता. ग्रेनिंग यांच्याच 'द सिम्पसन्स' या मालिकेच्या बाबतीत १९९८ मध्ये मानधनाच्या वाटाघाटी अडल्या होत्या. त्या वेळीही फॉक्सने कलाकार बदलण्याचा इशारा दिला होता आणि अखेरीस समझोता झाला होता. चित्रपटातील नटाचा चेहरा बदलल्यास प्रेक्षकाला ते तत्काळ दिसते. ॲनिमेशनमध्ये चित्र तेच राहते, त्यामुळे आवाज देणाऱ्याची जागा दुसऱ्याला देता येईल असा समज वाटाघाटींत कलाकारांच्या विरोधात जातो. फ्युचरामाच्या वादात हाच मुद्दा केंद्रस्थानी होता.

३१ जुलै २००९ रोजी बिली वेस्ट, केटी सेगल आणि जॉन डिमॅजिओ यांच्यासह मुख्य कलाकार परतणार असल्याचे जाहीर झाले. त्यामुळे २६ ही भागांत प्रमुख पात्रांचे आवाज मूळचेच राहिले.

निर्मिती

लेखन

डेव्हिड एक्स. कोहेन या पर्वातही लेखन व निर्मितीचे प्रमुख होते. कोहेन यांनी हार्वर्ड विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून संगणकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतली आहे. केन कीलर यांनी हार्वर्डमधूनच उपयोजित गणितात पीएच.डी. मिळवली आहे. पॅट्रिक व्हेरोन, एरिक हॉर्स्टेड, लुईस मॉर्टन आणि डॅन व्हेबर हे फॉक्सच्या काळातील लेखकही या पर्वात पुन्हा सहभागी झाले. व्हेरोन २००५ ते २००९ या काळात राइटर्स गिल्ड ऑफ अमेरिका, वेस्ट या लेखक संघटनेचे अध्यक्ष होते. २००७-०८ चा लेखकांचा संप त्यांच्याच कारकिर्दीत झाला.

मालिकेतील भागाचे लेखन सामूहिक पद्धतीने होते. प्रथम लेखकांच्या बैठकीत कथासूत्र ठरते. एक लेखक त्याची संहिता लिहितो. त्यानंतर सर्व लेखक एकत्र बसून तिचे ओळीओळीने पुनर्लेखन करतात. पुढे कलाकारांकडून संहितेचे सामूहिक वाचन होते आणि ज्या विनोदांना प्रतिसाद मिळत नाही ते बदलले जातात. श्रेयनामावलीत एकाच लेखकाचे नाव असले तरी अंतिम संहितेत अनेकांचा वाटा असतो.

नव्या पर्वासमोर लेखनाच्या दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे चौथ्या चित्रपटाच्या शेवटी कृमिविवरात गेलेल्या पात्रांना परत आणणे. दुसरी म्हणजे मालिका पूर्वी न पाहिलेल्या प्रेक्षकांना कथेत सामावून घेणे. कोहेन यांनी लिहिलेल्या 'रीबर्थ' या पहिल्या भागात दोन्हींची सोडवणूक केली आहे. यान कृमिविवरातून पृथ्वीजवळ बाहेर पडते आणि कोसळते. फ्राय व प्रोफेसर वगळता इतर बहुतेक पात्रे त्यात मरण पावतात. प्रोफेसर मूळपेशींच्या साहाय्याने त्यांना पुन्हा जिवंत करतो, परंतु लीला बेशुद्धच राहते. फ्राय तिच्यासारखी यंत्रमानव स्त्री बनवतो आणि शेवटी तो स्वतःही लीलाने बनवलेला यंत्रमानव असल्याचे उघड होते. ज्या कृमिविवरातून यान येते त्याच्या नावात आणि वर्णनात नव्या वाहिनीच्या नावावर कोटी केली आहे. बंद पडून परत आलेल्या मालिकेवरचे भाष्य अशा रीतीने कथानकातच मिसळले आहे.

पर्वाच्या शेवटाबाबतही अनिश्चितता होती. केन कीलर यांनी 'ओव्हरक्लॉकवाइज' हा भाग लिहिला तेव्हा पुढील पर्वाची शाश्वती नव्हती. त्यामुळे तो मालिकेचा शेवट ठरू शकेल अशा पद्धतीने रचण्यात आला. सर्वज्ञ झालेला बेंडर फ्राय आणि लीला यांच्या भवितव्याविषयी लिहून ठेवतो आणि दोघे ते वाचतात. प्रेक्षकाला मात्र त्यातील मजकूर कळत नाही.

ध्वनिमुद्रण

संवादांचे मुद्रण चित्रांकनाच्या आधी होते. चित्रकार मुद्रित संवाद ऐकून पात्रांच्या ओठांच्या हालचाली, चेहऱ्यावरील भाव आणि विरामांची लांबी ठरवतात. त्यामुळे कलाकाराच्या उच्चाराची गती थेट चित्राच्या गतीवर परिणाम करते.

या पर्वात अनेक पाहुण्या कलाकारांनी आवाज दिले. माजी अमेरिकन उपराष्ट्राध्यक्ष अल गोर 'द फ्युचरामा हॉलिडे स्पेक्टॅक्युलर'मध्ये, अभिनेते जॉर्ज टाकेई 'प्रपोझिशन इन्फिनिटी'मध्ये, अभिनेत्री केटी सॅकहॉफ 'लररिकन्सायलेबल एनडीएनडिफरन्सेस'मध्ये, अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन 'कोल्ड वॉरियर्स'मध्ये आणि भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन हॉकिंग 'रीइन्कार्नेशन'मध्ये ऐकू येतात.

ॲनिमेशन

चित्रांकनाचे काम कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथील रफ ड्राफ्ट स्टुडिओज आणि दक्षिण कोरियाच्या सोल शहरातील तिची सहयोगी संस्था यांच्यात विभागलेले होते. क्लॉडिया कॅट्झ निर्मात्या होत्या, तर पीटर अव्हान्झिनो, स्टीफन सँडोव्हल, फ्रँक मारिनो आणि ड्वेन कॅरी-हिल हे दिग्दर्शकांपैकी होते. ग्लेंडेलमध्ये संहितेवरून स्टोरीबोर्ड तयार होत असे. मुद्रित संवाद जोडून त्याचे ॲनिमॅटिक, म्हणजे कच्ची चलचित्रफीत, बनवले जाई. ते पाहून लेखक पुन्हा बदल सुचवत. त्यानंतर पात्रांच्या मुद्रा, पार्श्वभूमी आणि हालचालींचे तपशील ठरवून प्रत्यक्ष रेखाटनासाठी साहित्य सोलला पाठवले जात असे. परत आलेली दृश्ये तपासून सदोष भाग दुरुस्त केले जात. एक भाग पूर्ण होण्यास साधारणतः सहा ते नऊ महिने लागत.

हाताने रेखाटलेल्या पात्रांसोबत संगणकावर घडवलेली त्रिमितीय याने आणि शहरे दाखवणे हे मालिकेचे आरंभापासूनचे वैशिष्ट्य आहे. त्रिमितीय वस्तूंना सपाट रंग आणि रेखीव कडा दिल्याने त्या हाताने काढल्यासारख्या दिसतात. त्यामुळे यान फिरत असताना दृष्टिकोन अचूक राहतो आणि चित्रशैलीही भंगत नाही. फॉक्सवरील भाग ४:३ या प्रमाणातील पडद्यासाठी तयार झाले होते. चित्रपटांपासून १६:९ हे रुंद प्रमाण स्वीकारण्यात आले आणि सहाव्या पर्वात तेच कायम राहिले.

'रीइन्कार्नेशन' या शेवटच्या भागात तीन स्वतंत्र कथा तीन वेगळ्या चित्रशैलींत आहेत. पहिली १९३० च्या दशकातील कृष्णधवल कार्टूनपटांच्या, दुसरी कमी चित्रबिंदूंच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या, तर तिसरी जपानी ॲनिमेच्या शैलीत आहे. तिन्ही कथांसाठी परिचित पात्रांची रेखाटने नव्याने करावी लागली.

संगीत

पार्श्वसंगीत ख्रिस्तोफर टिंग यांचे आहे. घंटानादाने सुरू होणारे मालिकेचे शीर्षकसंगीतही त्यांनीच रचले असून त्यावर पिएर आँरी या फ्रेंच संगीतकाराच्या १९६७ मधील 'सिके रॉक' या रचनेचा प्रभाव आहे.

कीलर यांचे प्रमेय

१९ ऑगस्ट २०१० रोजी प्रसारित झालेल्या 'द प्रिझनर ऑफ बेंडा' या भागात प्रोफेसर फार्न्सवर्थ आणि एमी एका यंत्राच्या साहाय्याने परस्परांशी मनांची अदलाबदल करतात. ज्या दोन शरीरांत एकदा अदलाबदल झाली त्यांच्यात ती पुन्हा करता येत नाही, हे त्यांना नंतर उमगते. पूर्ववत होण्यासाठी ते इतरांना यंत्रात बसवतात आणि गोंधळ वाढत जातो. भागाच्या शेवटापर्यंत नऊ मने चुकीच्या शरीरांत असतात.

कथा अशी गुंतल्यावर ती सोडवता येते की नाही, हा प्रश्न गणिताचा झाला. कीलर यांनी गट सिद्धांताचा आधार घेऊन सिद्ध केले की अदलाबदल कितीही व कशीही झालेली असो, यंत्रात पूर्वी न बसलेल्या दोन नव्या व्यक्तींची मदत घेतल्यास प्रत्येक मन स्वतःच्या शरीरात परत नेता येते. कथेत ही सिद्धता 'ग्लोबट्रॉटर' संघातील बास्केटबॉलपटू-शास्त्रज्ञ मांडतात आणि फळ्यावर ती पूर्ण लिहिलेली दिसते.

सर्वांत साधे उदाहरण दोन व्यक्तींचे घेता येते. अ आणि ब यांची मने बदललेली आहेत. क आणि ड हे दोन मदतनीस आहेत. शरीरांच्या पुढील जोड्या क्रमाने यंत्रात बसवाव्यात:

१. अ आणि क
२. ब आणि ड
३. अ आणि ड
४. ब आणि क
५. क आणि ड

तिसऱ्या पायरीनंतर अ आणि चौथ्या पायरीनंतर ब पूर्ववत होतो. त्या वेळी क आणि ड यांची मने परस्परांच्या शरीरांत असतात. त्यांच्यात पूर्वी थेट अदलाबदल झालेली नसल्याने पाचव्या पायरीत तेही मूळ स्थितीला येतात. कोणतीही जोडी दोनदा वापरावी लागत नाही.

भागातील नऊ पात्रांची स्थिती दोन चक्रांत विभागलेली आहे. फ्राय आणि झॉइडबर्ग यांचे दोघांचे एक चक्र आणि उरलेल्या सात जणांचे दुसरे. प्रत्येक चक्रासाठी त्यातील सदस्यांच्या संख्येपेक्षा दोन अधिक अदलाबदली लागतात. म्हणून एकूण १३ अदलाबदलींत सर्वजण पूर्ववत होतात. चक्रांची संख्या सम असल्याने मदतनिसांना शेवटची वेगळी अदलाबदल करावी लागत नाही.

हे प्रमेय 'फ्युचरामा प्रमेय' किंवा 'कीलर प्रमेय' या नावाने ओळखले जाते. रॉन इव्हान्स, लिहुआ हुआंग आणि तुआन गुयेन यांनी त्याचा विस्तार करणारा शोधनिबंध २०१४ मध्ये 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी 'द सिम्पसन्स' आणि फ्युचरामामधील गणितावरील आपल्या २०१३ मधील पुस्तकात या भागाची चर्चा केली आहे.

विषय आणि कथानके

पर्वातील अनेक भाग समकालीन घडामोडींवर उपरोधिक भाष्य करतात. 'अटॅक ऑफ द किलर ॲप'मध्ये डोळ्यात बसवण्याचा फोन आणि त्यावरील समाजमाध्यम दाखवले आहे. 'प्रपोझिशन इन्फिनिटी'मध्ये मानव आणि यंत्रमानव यांच्या विवाहाच्या हक्काचा लढा असून त्याला कॅलिफोर्नियातील समलिंगी विवाहावरील २००८ च्या सार्वमताची पार्श्वभूमी आहे. 'अ क्लॉकवर्क ओरिजिन' उत्क्रांतीच्या वादावर आधारित आहे. त्यात निर्जन ग्रहावर सोडलेल्या सूक्ष्म यंत्रांपासून काही दिवसांतच यंत्रांची संपूर्ण जीवसृष्टी विकसित होते.

काही भागांत वैज्ञानिक कल्पना कथेचा गाभा आहे. 'द लेट फिलिप जे. फ्राय'मध्ये फ्राय, बेंडर आणि प्रोफेसर केवळ भविष्यकाळात जाऊ शकणाऱ्या कालयंत्रात अडकतात. मागे फिरता येत नसल्याने ते पुढेच जात राहतात, विश्वाचा अंत पाहतात आणि त्यानंतर दुसरा महास्फोट होऊन तंतोतंत तसेच विश्व पुन्हा निर्माण झाल्याचे त्यांना आढळते. फ्रायची वाट पाहत आयुष्य घालवलेली लीला गुहेच्या छतातून पडणाऱ्या पाण्याच्या थेंबांचा उपयोग करून त्याच्यासाठी संदेश सोडते. खडकावर तो उमटायला कोट्यवधी वर्षे लागतात. 'लॉ अँड ओरॅकल'मध्ये श्रोडिंगरच्या मांजरीच्या विचारप्रयोगावर विनोद आहे.

'लीथल इन्स्पेक्शन', 'द टिप ऑफ द झॉइडबर्ग' आणि 'कोल्ड वॉरियर्स' हे भाग पात्रांच्या पूर्वायुष्याशी संबंधित आहेत. पहिल्यात आपण निर्मितीतच सदोष असून आपल्या स्मृतीची प्रत नसल्याचे बेंडरला कळते. आपल्याला तपासणीत उत्तीर्ण करणाऱ्या निरीक्षकाचा तो हर्मिससोबत शोध घेतो. तो निरीक्षक हर्मिसच होता हे केवळ प्रेक्षकाला समजते. दुसऱ्यात प्रोफेसर आणि झॉइडबर्ग यांच्या जुन्या मैत्रीचे कारण उलगडते. तिसऱ्यात फ्रायच्या बालपणीची आणि त्याच्या वडिलांची कथा आहे.

'द म्यूटंट्स आर रिव्होल्टिंग' हा मालिकेचा १०० वा भाग होय. शहराखालच्या गटारांत राहण्यास भाग पाडलेले उत्परिवर्तित लोक त्यात समान हक्कांसाठी उठाव करतात. लीलाचा जन्म याच समाजातील असल्याने हा भाग तिच्या कथेतील महत्त्वाचा टप्पा ठरतो.

भागांची यादी

पुढील यादी प्रसारणाच्या क्रमाने आहे.

२०१०

१. रीबर्थ – २४ जून
२. इन-अ-गड्डा-दा-लीला – २४ जून
३. अटॅक ऑफ द किलर ॲप – १ जुलै
४. प्रपोझिशन इन्फिनिटी – ८ जुलै
५. द ड-व्हिंची कोड – १५ जुलै
६. लीथल इन्स्पेक्शन – २२ जुलै
७. द लेट फिलिप जे. फ्राय – २९ जुलै
८. दॅट डार्न कॅट्झ! – ५ ऑगस्ट
९. अ क्लॉकवर्क ओरिजिन – १२ ऑगस्ट
१०. द प्रिझनर ऑफ बेंडा – १९ ऑगस्ट
११. लररिकन्सायलेबल एनडीएनडिफरन्सेस – २६ ऑगस्ट
१२. द म्यूटंट्स आर रिव्होल्टिंग – २ सप्टेंबर
१३. द फ्युचरामा हॉलिडे स्पेक्टॅक्युलर – २१ नोव्हेंबर

२०११

१४. निओटोपिया – २३ जून
१५. बेंडरामा – २३ जून
१६. घोस्ट इन द मशीन्स – ३० जून
१७. लॉ अँड ओरॅकल – ७ जुलै
१८. द सायलेन्स ऑफ द क्लॅम्प्स – १४ जुलै
१९. यो लीला लीला – २१ जुलै
२०. ऑल द प्रेसिडेंट्स हेड्स – २८ जुलै
२१. मोबियस डिक – ४ ऑगस्ट
२२. फ्राय ॲम द एग मॅन – ११ ऑगस्ट
२३. द टिप ऑफ द झॉइडबर्ग – १८ ऑगस्ट
२४. कोल्ड वॉरियर्स – २५ ऑगस्ट
२५. ओव्हरक्लॉकवाइज – १ सप्टेंबर
२६. रीइन्कार्नेशन – ८ सप्टेंबर

प्रसारण आणि प्रकाशन

पर्वाचे पहिले दोन भाग २४ जून २०१० रोजी लागोपाठ दाखवण्यात आले. अमेरिकेत पहिला भाग सुमारे २९ लाख प्रेक्षकांनी पाहिला. नाताळविषयक भाग वगळता पर्वाचे सर्व भाग गुरुवारी प्रसारित झाले. पर्वाचा पहिला अर्धा भाग डिसेंबर २०१० मध्ये, तर दुसरा अर्धा भाग डिसेंबर २०११ मध्ये डीव्हीडी आणि ब्लू-रे स्वरूपात प्रकाशित झाला.

पुरस्कार

'द लेट फिलिप जे. फ्राय' या भागाला २०११ चा सर्वोत्कृष्ट ॲनिमेटेड कार्यक्रमाचा प्राइमटाइम एमी पुरस्कार मिळाला. लुईस मॉर्टन त्याचे लेखक आणि पीटर अव्हान्झिनो दिग्दर्शक आहेत. मालिकेला याआधी हा पुरस्कार २००२ मध्ये 'रॉसवेल दॅट एंड्स वेल' या भागासाठी मिळाला होता. 'द टिप ऑफ द झॉइडबर्ग'ला २०१२ मध्ये याच विभागात नामांकन मिळाले.

आवाजाच्या अभिनयासाठीचा एमी पुरस्कार मॉरिस लमार्श यांना सलग दोन वर्षे मिळाला; २०११ मध्ये 'लररिकन्सायलेबल एनडीएनडिफरन्सेस'साठी आणि २०१२ मध्ये 'द सायलेन्स ऑफ द क्लॅम्प्स'साठी. दोन्ही भाग याच पर्वातील आहेत. 'द प्रिझनर ऑफ बेंडा'साठी केन कीलर यांना ॲनिमेशन विभागातील राइटर्स गिल्ड पुरस्कार प्राप्त झाला.

नंतरचा काळ

सहाव्या पर्वाचा उत्तरार्ध प्रसारित होण्यापूर्वी, मार्च २०११ मध्ये, कॉमेडी सेंट्रलने आणखी २६ भाग मागवल्याचे जाहीर झाले. हे सातवे पर्व २० जून २०१२ ते ४ सप्टेंबर २०१३ या काळात दाखवण्यात आले. त्यातील 'मीनव्हाइल' या भागाने मालिका दुसऱ्यांदा थांबली. तोपर्यंत तिचे १४० भाग झाले होते.

९ फेब्रुवारी २०२२ रोजी हुलू या स्ट्रीमिंग सेवेने २० नव्या भागांची घोषणा केली. त्या वेळी बेंडरला आवाज देणारे जॉन डिमॅजिओ यांच्याशी करार झालेला नव्हता. केवळ स्वतःचेच नव्हे तर सर्वच कलाकारांचे मानधन वाढावे, अशी भूमिका त्यांनी मांडली. चाहत्यांनी समाजमाध्यमांवर त्यांना पाठिंबा दिला आणि १ मार्च २०२२ रोजी ते परतत असल्याचे जाहीर झाले. मानधनात वाढ झाली नसली तरी आपल्याला आदर मिळाला, असे त्यांनी पुढे सांगितले. नव्या भागांचे प्रसारण २४ जुलै २०२३ पासून सुरू झाले. पहिल्या भागाचे नाव 'द इम्पॉसिबल स्ट्रीम' असे असून बंद पडलेली मालिका पुन्हा सुरू करणे हाच त्याचा विषय आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी दोन पर्वांना मंजुरी मिळाली.